दोनशे अकरा कप

वेर्ण्याच्या पठारावर आमचा गोळ्यांचा कारखाना.
तिथे माझ्या दारावर पाटी आहे :
विविधता, समता व समावेशन.
तिन्ही शब्द एका ओळीत मावेनात
म्हणून रंगाऱ्याने ‘समावेशन’ खाली ढकललं,
आणि त्यात काही चमत्कारिक आहे
हे मला आठवड्याने सुचलं.

आई पेडण्याहून फोनवर विचारते,
नेमका करतंस काय गो?
दारं मोजते, मी सांगते.
सेवेरीनची चाकाची खुर्ची पॅकिंगच्या दारात
दोन बोटांनी अडायची.
भिंत अर्ध्या दिवसात फुटली.
त्याआधीचं सव्वा वर्ष सह्यांचं.
फिलोमेनाला भोंगा ऐकू येत नाही,
तिच्या टेबलावर लाल दिवा लावून घेतला.
आता सगळेच दिव्याकडे बघतात.

बढतीच्या बैठकीत कुणी म्हणतं,
‘पोरगा हुशार आहे, पण आपल्यात बसायचा नाही’,
तेव्हा मी विचारते, कुठल्या खुर्चीत? दाखवा.
पहिली चार वर्षं विचारलं नव्हतं.
पहिली चार वर्षं मी बैठकीचा वृत्तांत लिहायचे
आणि ‘बसायचा नाही’चं
‘अनुरूप नाही’ करून द्यायचे.
माझं शुद्धलेखन चांगलं होतं.
त्याच्यावरच चढले मी वर.

आई अजून बांबूच्या शिपट्या काढते.
म्हापशाच्या शुक्रवारी तिची सुपं आधी संपायची.
पैसे मात्र लोक सुपात टाकायचे,
हातात नाही,
आणि घरी नेऊन सुपावर पाणी शिंपडायचे.
तिला माझ्या नोकरीबद्दल एकच विचारायचं असतं :
तुका च्या कशात दितत?

मशीन देतं, आई. कागदाच्या कपात.
मोठ्या साहेबालाही त्यातच.
पिऊन झालं की फेकायचा.

ती हसत सुटली, ठसका लागेपर्यंत.
म्हंजे आता सगळ्यांकच करटी!

(हॉटेलच्या मागच्या कुडाला
नारळाची करटी खोचलेली असायची, आमच्यासाठी.
आई त्यातून प्यायली आहे. मी नाही.
तरी पणजीच्या परिषदेत
ती गोष्ट मीच सांगितली, माझ्या भाषणात.
खूप टाळ्या पडल्या.
आईला हे सांगितलेलं नाही.)

मशीनला कार्ड लागतं.
मल्लव्वाकडे कार्ड नाही.
ती पुसते ती फरशी आमची,
ती कंत्राटदाराची.
वार्षिक अहवालात आम्ही सहाशे बारा माणसं.
ती एकोणऐंशी त्यात नाहीत.
धरली, तर बायकांचा आकडा एकदम देखणा होतो
आणि पगाराचा तक्ता बघवत नाही.
म्हणून धरत नाहीत.
तिसऱ्या पानावर सही माझी आहे.
तीन वर्षं आहे.

तर मी माझं कार्ड लावते.
मल्लव्वाला, बसप्पाला,
झारखंडहून आलेल्या बुधनीला,
जी साखर जास्तीची दाबते
आणि कप फेकत नाही, धुऊन ठेवते.
सोमवारी हिशेबखात्याचं पत्र आलं :
ऑगस्टमध्ये एका कर्मचाऱ्याच्या नावे
दोनशे अकरा कप.
कृपया खुलासा करावा.

खुलासा लिहायला बसले.
पहिल्या मसुद्यात लिहिलं,
‘समावेशन उपक्रमांतर्गत’. खोडलं.
दुसऱ्यात एकच शब्द : तहान.
तोही खोडला,
भाषणात घालण्यासारखा दिसत होता.

आता नुसती नावं लिहितेय,
मशीनपाशी उभी राहून, एकेकाला विचारून.
मल्लव्वा म्हणते, चहाला आडनाव कशाला बाई?
तिला काय सांगावं, सुचत नाही.
एकोणऐंशीतली तेवीस झालीत.
पाळी सुटल्याचा भोंगा झाला.
फिलोमेनाचा दिवाही लागला.