हजेरीची कार्डं

कुतैसीतला मोटारींचा कारखाना बंद पडला
तेव्हा किल्ल्या माझ्याकडे राहिल्या,
बाकीच्यांकडे तेवढंही नाही.
आता रंगखात्याची शेड त्सिआलानं भाड्यानं घेतलीय.
इथं ट्रकना फवाऱ्यानं हिरवा मारायचे;
भिंतींवर अजून बोटभर जाड हिरवा आहे.
पहिल्याच दिवशी तिनं एक पोपडा उचकटला,
उजेडात आडवा धरून मोजला. एकवीस थर.
म्हणाली, बिद्झिया, हे चित्र झालेलंच आहे,
मी नुसतं भाडं भरायचं.

सकाळी ती रंगाला हात लावत नाही.
आधी सरस शिजवते, भांड्यात भांडं ठेवून, मंद आचेवर.
उकळी फुटली की गेला कामातून.
वास असा की माझं कुत्रं उंबऱ्याशीच थांबतं.
मग अक्रोडाची हिरवी सालं,
तीन आठवडे बादलीत कुजवलेली,
फडक्यातून पिळते. नखं कायमची काळी.
भाच्याच्या लग्नात हात पाठीमागे धरून उभी होती.

चहाची पोती, गंजके वॉशर, मेण, चुना,
माझ्या मोडक्या छत्रीचं कापड.
काय फेकू नि काय नको,
मला आता विचारावं लागतं.

हिवाळ्यात मी तिला हजेरीची कार्डं दिली.
तिसऱ्या पाळीची, दोन खोकी, कडा उंदरांनी खाल्लेल्या.
ती दोन दिवस पायात नुसते मोजे घालून
त्यांच्यामधून हिंडत राहिली.
मला नावं वाचायला लावली.
अंझोर, वेल्डर. रोज उशीर, रोज शेळीचं निमित्त.
गुलिको, सीटा शिवायची.
आणि हा, याची हजेरी मीच खोटी लावली होती,
बायको बाळंत होती त्याची.
ती ऐकत होती की नाही, कोण जाणे.
कार्डं उलटसुलट करत होती.

मग दाराएवढ्या फळीवर चिकटवली,
कौलांसारखी, एकावर एक चढवून.
मला वाटलं, झालं.
लामाराला बोलावून आणलं बघायला.

दुसऱ्या दिवशी सगळ्यावर पांढरं.
रुंद कुंचा, इकडून तिकडे, घर सारवावं तसा.
अंझोर गेला. गुलिको गेली.
मी काही बोललो नाही.
किल्ल्यांचा जुडगा टेबलावर जरा जोरात ठेवला, इतकंच.

थांब, म्हणाली, अजून ओलं आहे.

थांबणं मला शिकवू नये कुणी.
कारखाना पुन्हा सुरू होईल म्हणून
चौदा वर्षं रोज दाढी केली मी.

रियोनीवरनं दमट वारा येत होता, लेप वाळायला चार दिवस लागले.
मग सँडपेपर. घासते, पुसते, मागे सरकते,
खिडकीला पाठ टेकून बघते, परत येते.
एका जागी इतकं घासलं की लाकूड उघडं पडलं.
शिवी हासडली,
आणि नेमकी तीच जागा राखली.
पापण्यांवर पांढरी धूळ, तोंडाला फडकं.
शेवटी अक्रोडाचा रस वरून चोळला
आणि लगेच पुसून काढला.

संध्याकाळी बघतो तर नावं नाहीतच.
फक्त भोकं वर आलीत, यंत्रानं पाडलेली,
आत येण्याची, बाहेर जाण्याची,
प्रत्येकात थेंबभर काळं साचलेलं.
कुठलं कुणाचं, मलाही सांगता येईना.
एक मात्र तिरकं होतं.
ते शेळीवाल्याचं असणार,
कार्ड कधी सरळ घातलं नाही त्यानं.

तिनं फळी भिंतीकडे तोंड करून ठेवली.
का गं?
वाईट आहे, म्हणाली. किंवा मला दिसत नाहीय अजून.
द्राक्षवेलींना पानं फुटली की बघू.

माझं स्वतःचं कार्ड कोटाच्या खिशात आहे.
ते मी दिलं नव्हतं.
तिनं मागितलं नाही,
पण खाली उजवीकडे, हाताच्या तळव्याएवढी,
एक जागा कोरी सोडलीय.

रात्रीच्या फेरीत मी फळी जराशी पुढं ओढतो,
टॉर्च दातांत धरतो, कार्ड तिथं लावून बघतो.
बसतं.
परत खिशात घालतो.
सरस गार झालाय भांड्यात, वर साय धरलीय.
सकाळी ती तापवेल,
वास गेटपर्यंत येईलच.