शंखातलं बिऱ्हाड

टांगानिका सरोवराच्या दक्षिण टोकाला, म्पुलुंगूत,
या माशाला नाव नाही.
"ज्यानं पोट भरतं त्याला नाव," नाकाझ्वे म्हणते
कापेंता वाळूवर पसरता पसरता.
हा तर अंगठ्याएवढा. तोही शेपूट धरून.

खाली, तीन पुरुष खोल,
मेलेल्या गोगलगायींचे शंख पडलेत, कोण जाणे कधीचे.
पाणीच असं चुनखडं की लवकर काही विरत नाही.
त्यातला एक तो निवडतो.
तोंडात वाळू भरायची, लांब नेऊन थुंकायची,
पुन्हा यायचं, पुन्हा भरायची.
शंख एका अंगानं खचतो, कलतो, वळतो,
नि होता होता सगळा गाडला जातो.
उरतं फक्त दार.
आत मादी. अंडी त्याहून आत.
नर अंगानं थोराड, त्याला तिथं जागा नाही.
तो उंबऱ्याशीच,
गालफडांवरच्या काळ्या टिकल्या फुगवून
येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगावर धावतो.

लामेकच्याही.
लामेक, नाकाझ्वेचा थोरला, नगावर मासे धरतो
परदेशातल्या काचपेट्यांसाठी.
जाळं लागत नाही.
सावली पडली की मासा घरात शिरतो,
लामेक घरच उचलतो, दारावर अंगठा दाबून.
आतून चावा बसतो. चावा कसला,
मिठाचा खडा टोचावा तेवढा.
पण दर खेपेला बसतो.

गेल्या साली सरोवर चढलं.
पत्रे तेवढे काढता आले, भिंती बसल्या.
नाकाझ्वे आता टेकाडावर, भाड्याच्या खोलीत.
अंगणाच्या कडेनं लावलेले शंख
(लग्नाच्या साली, ओळीनं, तोंडं वर करून)
तिथंच राहिले.

परवा लामेकनं तिथं बुडी मारली.
कामासाठी नव्हे, असं तो म्हणतो.
पिशवी मात्र कमरेला होती.
चुलीच्या जागी गाळ. शंखांची ओळ नाहीच.
मग दिसली दारं,
वाळूत एक, पलीकडे दोन, बाभळीच्या खुंटाशी आणखी,
नि एकेका दारातून डोळे.
त्यानं हात पुढे केला.
चावा बसला.

रात्री न्शिमा खाताना तो बोलला,
"तुझ्या अंगणात बिऱ्हाड आलंय."
तिनं घास बोटांत दाबला, कालवणात बुडवला.
"शंख नीट आहेत?"
"पार गाडलेत. वेडेवाकडे."
ती बराच वेळ चावत राहिली.
"तुझ्या बापाला मी सांगत होते," म्हणाली,
"जरा खोल पुरू या."