कवडसा

न्यूकॅसलच्या संग्रहालयातून बाई आल्यात, हातांत पांढरे सुती मोजे.
आईची खोकी स्वयंपाकघरात मांडून बसल्यात.
सदतीस खोकी, प्रत्येकावर तिचं तिरपं अक्षर:
रॉडी, बंदर, मार्च.
रॉडी, जेरिको, गवत.
रॉडी रडतोय – वापरू नये.

बाई विचारतात, यात तुम्ही कुठे?

थांबा, सांगते.
ॲम्बलच्या या घरात दोन अंधार नांदायचे.
एक वडिलांचा, हॉक्सलीच्या खाणीतला.
रात्रपाळीहून तो ते अंगावर घेऊन यायचे,
पहाटे घासून काढायचे, पुरता निघायचा नाही.
दुसरा आईचा, जिन्याखालच्या कोठीत:
लाल बल्ब, मुरंब्याच्या बरण्या, व्हिनेगरसारखा आंबूस वास,
दाराच्या फटीत कोंबलेलं ब्लँकेट.
दार उघडू नका असं ती ओरडायची नाही,
वर वडील झोपलेले.
आतून भिंतीवर दोनदा टकटक करायची.
आम्ही कुजबुजतच मोठे झालो.
जेवताना दोघांची नखं शेजारी शेजारी,
त्यांची काळी, तिची तपकिरी,
आणि हात तपासले जायचे ते आमचे.

मग जेरिको आला.
अकरा वर्षं खाणीत गाडे ओढलेलं तट्टू,
वडिलांनी खाटकाच्या आधी गाठलेलं.
उजेडाला बुजायचा.
ढगाची सावली अंगावरून गेली तरी खूर आपटायचा.
आईने त्यातून पुस्तक काढलं:
एक मुलगा, एक घोडा, बत्तीस पानं,
शेवटच्या पानावर समुद्र.

लीड्सहून, कार्डिफहून पोरांची पत्रं यायला लागली.
एका पाकिटात खरंखुरं गाजर, मऊ पडलेलं.
उत्तरं मी लिहायचे, घोड्याच्या वतीने,
वय वर्षं नऊ,
अक्षर मुद्दाम वाकडं, खुराने काढल्यासारखं.
जेरिको दुसऱ्याच हिवाळ्यात गेला
हे मी कुणालाच कळवलं नाही.
पुढची चार पुस्तकं ब्लिथच्या एका भाड्याच्या घोडीवर निघाली,
कपाळावरचा पांढरा चांद टूथपेस्टचा.
पावसाची सर आली की जेरिको ओघळायचा
आणि आई म्हणायची, आज पुरे.

रॉडीला घोड्याजवळ शिंका यायच्या.
आता पर्थला असतो, नातवंडांना ती पुस्तकं दाखवत नाही.
मागे एकदा फोनवर म्हणाला,
मला लहानपण आठवत नाही गं, एफी,
छापलेलं तेवढं आठवतं.

आणि मी? मी डोळे मिटायचे.
बटणाचा खटका वाजला की पापण्या पडायच्याच.
तीन रोल फुकट गेले, तेव्हा आईने
माझ्या हातात चहाचा ट्रे दिला, पत्र्याचा,
राज्याभिषेकाच्या वर्षी घेतलेला.
राणी माझ्या पोटाशी, चकचकीत पाठ बाहेर.
इथे उभी राहा. थोडी खाली. आता त्याच्या गालावर.
गार वाऱ्यात माझी बोटं लटपटायची
आणि रॉडीच्या तोंडावरचा कवडसाही.
एफी, ऊन सांडतंय, म्हणायची ती.
एवढंच रागावणं. पण आयुष्यभर पुरलं.

तर बाई, लिहून घ्या तुमच्या यादीत.
पहिलं पुस्तक, पान सात, डावा गाल.
पान बारा – नाही, इथे भिंग लावा,
हा खरा जेरिको, हा त्याचा डोळा,
आणि डोळ्यात बारीकसा पांढरा चौकोन.
चौकोनाखाली दोन पाय. घसरलेले मोजे.

छापण्याआधी आई एकेका ठिपक्यावर कुंचला फिरवायची.
तार, उकिरडा, शेजाऱ्यांचं वाळत घातलेलं धुणं,
नको ते सगळं मिटवायची.
हे तिला दिसलं नसेल, असं होणार नाही.
विचारायचं मात्र राहून गेलं.

ट्रे ना? तो काय, तुमच्या समोरच.
कप उचला जरा. राणीचं नाक झिजलंय.
सांभाळून, सांडेल.