ठाव

एनिस हॉजसन आमच्या संघात पहिला.
पहिला म्हणजे सगळ्यांत भारी असं नव्हे,
पहिला म्हणजे जो आधी जातो.
मी चौथा.
पेपरात नाव चौथ्याचं येतं.

कॉर्न आयलंडचं मैदान विमानतळाला लागून.
डावीकडे नारळ, उजवीकडे धावपट्टी,
मधे कुणाची तरी लाल गाय,
तिला आजवर कोणी आउट केलेलं नाही.

त्या दिवशी ब्लूफील्ड्सहून बोटीनं पिचर आला,
लिव्हिंगस्टन, हात वल्ह्याएवढा.
सरावाचे चेंडू टाकतानाच
कॅचरच्या हातमोज्यातून धूळ निघत होती.
आम्ही बाकावर आवंढे गिळत.
एनिस गेला,
उंबरा झाडावा तशी बुटानं माती झाडली,
उभा राहिला.

दोन चेंडू सोडले.
तिसरा कडेनं कापला, रेषेबाहेर.
चौथा बाहेर. पाचवा, सहावा, बाहेर, बाहेर.
तांदूळ निवडत बसल्यासारखा
एकेक चेंडू बोटाखालून जाऊ देत होता.
“आटप की रे,” मिस युलाली ओरडली,
“माझे पाव भट्टीत आहेत!”
अकराव्या चेंडूला चौथा बॉल झाला.
त्यानं बॅट गवतावर ठेवली,
टाकली नाही, ठेवली,
आणि चालत पहिल्या बेसवर गेला.

वहीत त्याच्या नावापुढे काहीच पराक्रम नाही.
पण आम्ही अकरा चेंडू पाहिले होते.
कुठला फसवा, कुठला नुसताच मोठ्या आवाजाचा,
दमल्यावर लिव्हिंगस्टनचा खांदा कसा आधी चुगली करतो.
बेसवरून एनिसनं दोन बोटं पट्ट्याला लावली:
वळणारा उशिरा पडतो. थांब.

मग तो तीन पावलं पुढे सरकायचा.
पिचर वळायचा, हा परत.
पुन्हा तीन पावलं.
दारात कुणी तरी उभं असताना
जेवणारा माणूस कसा जेवेल?
तसं झालं लिव्हिंगस्टनचं.
एनिसनं दुसरा बेस चोरला.
आमचे दोघे बाद झाले, आणि मी गेलो.
जो चेंडू आला त्यात अर्धंच मन होतं.
मी तो धावपट्टीपार मारला.
लोकांनी मला खांद्यावर घेतलं.
एनिस बाकाखाली
आपली चप्पल शोधत होता.

त्याचं कामही तेच होतं.
लॉबस्टरच्या बोटीवरून पहिली उडी त्याची.
खाली जायचा, ओढ कुठली, तळ केवढा,
ठाव घेऊन वर यायचा, बोटांनी सांगायचा,
मग बाकीचे उतरायचे.
ऑक्टोबरात एकदा फार खोल गेला
आणि फार घाईनं वर आला.
आयुष्यात घाई केली ती तेवढीच.
आता पाय त्याचं ऐकत नाहीत.

यंदा पहिला म्हणून केर्विन जातो.
अठरा वर्षांचा, हरणासारखा.
पहिल्याच चेंडूवर बॅट फिरवतो, दुसऱ्यावर फिरवतो,
तिसऱ्यावर परत येऊन शेजारी बसतो.
विचारलं, कसा आहे रे चेंडू?
म्हणतो, जोरात आहे.
ते तर आम्हाला आवाजावरूनही कळलं होतं.

माझे दंड आहेत तसेच आहेत.
तरी मी जातो तेव्हा बेस मोकळे,
पिचर ताजातवाना, आणि मी आंधळा.
आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?
हे सुतारकाम करणाऱ्या मला
चाळिशीत कळलं, तेही पेपरातून नाही.

काल संध्याकाळी केर्विन बॅटशिवाय उभा होता.
मागे खुर्चीत एनिस.
कोच ऑर्व्हिल चेंडू टाकत होता
आणि पोरगा नुसता बघत होता.
हात शिवशिवत होते त्याचे, दिसत होतं.
“काय पाहिलंस?”
“शिवण.”
“कुठे वळली?”
पोरगा गप्प.
“परत,” एनिस म्हणाला.

कुंपणापलीकडून मिस युलालीनं विचारलं,
अजून किती वेळ?
एनिसनं मान वळवली नाही.
मी फळी रंधायची थांबवून
त्यांच्याबरोबर मोजू लागलो.
सात.
आठ.