मापपट्टी

बाबांच्या होडीत एक पितळी मापपट्टी असायची,
सुकाणूजवळच्या खिळ्याला सुतळीने बांधलेली.
पिंजरा वर आला की एकेक शेवंड हातात घ्यायची,
डोळ्याच्या खोबणीपासून पाठीच्या कडेपर्यंत मोजायची,
मापाला उणी भरली की परत पाण्यात.
दंडाची भीती म्हणून नव्हे;
धुक्यात, शेजारची होडी दिसत नसतानासुद्धा.
"लहान आहे. तिला हात लावायचा नाही,"
एवढंच म्हणायचे. मुळात कमी बोलणारे.

प्लासीद दहा वर्षांचा होता.
केप ब्रेटनच्या आमच्या फ्रेंच बोलीत
पाद्र्यालाही बापच म्हणतात.
त्यामुळे रविवारच्या सकाळी तो म्हणाला,
"मला बापाकडे जायचं नाही,"
आणि आई म्हणाली, "अरे, बाबा तर समुद्रावर गेलेत."
हे वाक्य आईने पुढे एकतीस वर्षं
भांडी घासताना स्वतःला ऐकवलं.

पहिलं पत्र मी लिहिलं, माझं अक्षर बरं म्हणून.
मासळीच्या कारखान्यातल्या हजेरीवहीचा कागद,
मायना: परमपूज्य बिशपमहोदय.
सात आठवड्यांनी उत्तर:
आपल्या कुटुंबासाठी प्रार्थना करतो.
दुसऱ्या पत्राला: प्रार्थना चालू आहे.
तिसरं पोचायच्या आत फादर तेलेस्फोरची बदली झाली,
किनाऱ्याने चाळीस मैलांवर.
तिथेही शाळा होती.
चौथ्या पत्रात मी मायनाच गाळला.

गावाने शिवी दिली नाही. बेकरीतली उधारी बंद झाली नाही.
फक्त चर्चमधल्या आमच्या बाकावर
दोन्ही बाजूंना जागा सुटायला लागली.
फेब्रुवारीत ती जागा अंगाला लागते.
ओझिथ मावशी म्हणाली, "म्हातारा झालाय तो.
मेल्यावर देव बघून घेईल."
आई म्हणाली, "देवाने तेव्हाही बघितलंच असेल की."
त्या नाताळला मावशी आली नाही.
पुढच्याही नाही.

कोर्टात बिशपांच्या वकिलाने विचारलं,
त्या दिवशी ऊन होतं की पाऊस?
पडदा कुठल्या रंगाचा?
तुम्ही तेव्हा नक्की केवढे होता?
प्लासीद पाण्याच्या पेल्याकडे बघत राहिला.
बाबा मागच्या बाकावरून उठले,
खिशातून मापपट्टी काढली, सुतळीसकट,
आणि वर धरली.
दुभाषी थांबली. भाषांतराला काहीच नव्हतं.
न्यायाधीशांनी बसायला सांगितलं. बसले.

निकालाच्या अकरा महिने आधी बाबा गेले.
फादर तेलेस्फोर त्याआधीच,
झोपेत, परीटघडीच्या चादरीवर.
चेक आला.
प्लासीदने दात करून घेतले, आईच्या छपराला पत्रे घातले.
माफीचं पत्रही आलं,
त्यात त्याच्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं.
आईने ते पेनाने दुरुस्त करून ठेवलं,
आयुष्यभर शाळेचे दाखले जपणाऱ्या बाईने
आणखी काय करायचं?

आणि परवा नगरपालिकेने
आइस हॉकीच्या शेडवरचं त्याचं नाव उतरवलं.
देणग्या मागून त्यानेच बांधलेली ती शेड.
छत्तीस उन्हाळ्यांत फळ्या विटल्या,
अक्षरांखालचा रंग मात्र कोराकरकरीत राहिलेला,
त्यामुळे नाव आता धक्क्यावरूनही वाचता येतं.

प्लासीद शिडी घेऊन गेलाय.
तिथून फोन: हा हिरवा कुठला गं,
बाटलीचा की शेवाळाचा?
म्हटलं, कुठलाही घे,
एका हाताने झाकायचं नाही ते.
थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला.
मग म्हणाला, "तू पण ये ना."