एच एच यू

दुपारी अडीचला तिसरा रोलर थांबला.
शेंदुरजनाघाटच्या प्रतवारी केंद्रात
चौदा बाया क्रेट धरून उभ्या,
आणि पॅनलवर दोन अक्षरं, लाल,
लुकलुकत.

मशीन चीनचं. सोबतची पुस्तिका
मागच्या उन्हाळ्यात उंदरांनी वाचून संपवली.
मोबाइलचा कॅमेरा धरला, तर
मेणानं माखलेल्या काचेत त्याला
फक्त माझाच चेहरा दिसला.

मग ऑफिसातल्या कॉम्प्युटरला म्हटलं, तूच लिही.
सेटिंग, भाषा, चिनी जोडा.
त्यानं उलट विचारलं:
लिहायचं कसं? पिनयिन की वूबी?

पिनयिन म्हणजे आवाजानं.
मराठीही मी तशीच लिहिते,
इंग्रजी बटणांवर कानातलं दाबत.
एम, ए दाबलं. खाली रांग लागली:
आई, घोडा, अंबाडी, शिव्या घालणं,
आणि प्रश्नाचं एक नुसतं शेपूट.
रांगेतून मी आई निवडली. उगाच.
पण पॅनलवर आई नव्हती,
आणि तिथल्या दोघांना काय नावानं हाक मारतात
हे मला कुठे माहीत?

बेलसरे सरांना फोन लावला.
एकोणतीस वर्षं वरूडच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये
त्यांनी पोरं घासली, मराठी तीस, मराठी चाळीस.
आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतात.
सर सायकलनं आले, कानाला दुपट्टा.
'आवाज ठाऊक नाही ना तुले?
मंग आवाजाच्या दारानं कायले जातं व?
रूप तं दिसून राह्यलं.'

वूबी.
तक्ता छापला. कोणत्या बटणाखाली कोणती रेघ.
सर खुश. 'आमच्या मशीनवर
वेलांटी आधी दाबा लागे, अक्षर मंग.
अर्धा ख, मंग त्याचा दांडा.
अक्षर आयकाचं नसते पोरी, जुळवाचं असते.'
जुळवताना अकरा वेळा भलतंच काही उमटलं.
इन्व्हर्टर शिट्टी वाजवू लागला.
पंचफुलाबाई दारातून म्हणाल्या,
'सर चीनची मोडी गिरवून राह्यले.'

उभी रेघ, तिला उजवीकडे फांदी,
मध्ये आडवी,
खाली पुन्हा तसंच काहीसं, विहिरीत डोकावल्यासारखं.
एच. एच. यू.
आलं.

शब्दकोश म्हणाला: 'वर' आणि 'खाली' ही दोन अक्षरं
एकाच आडव्या रेघेला लोंबकळली
की होतं, अडकलं.
पुढचं अक्षर, फळ.
मी स्पीकरचं चित्र दाबलं. आतून एक बाई बोलली:
खा.

सर दचकले. पुन्हा दाबायला लावलं.
खा.
'अडकलं बी, अन् वरून खा म्हनते!'

रोलरखालून निघालं एक संत्रं,
मृगाचं, एका अंगानं चपटं, चकचकीत.
सरांनी नळाखाली घासलं, सोललं.
दहा फोडी, चौदा बाया, आम्ही दोघं.
कुणी अर्धी, कुणी नुसती चोखली.
नोंदवहीत हे लिहिलं नाही.

रात्री कारखान्याला पत्र लिहायला
मी पिनयिनकडेच परतले. शिकते आहे.
पण दुसरीही ठेवली आहे, काढली नाही.
एचचं बटण
अजून जरा चिकटतं.