आवक-जावक

साखळीच्या हायस्कुलात एकतीस वर्षं क्लार्क आहे मी.
माझ्या टेबलावर व्हाइटनर नसतो.
चुकलं तर एक आडवी रेघ, बाजूला सही,
म्हणजे पुढच्याला चूकही वाचता यावी.

जूनमध्ये बालगृहाची पांढरी जीप आली,
फिलोमेनाबाईंनी टेबलावर तीन दाखले ठेवले
एकाच मुलीचे.
काणकोणच्या शाळेत ती द्रौपदी,
केप्यात ध्रुपदी,
म्हापशात, कुणी घाईत लिहिलं कोण जाणे, नुसतीच द्रुप.
मुलगी दारात उभी. दप्तर पोटाशी,
उतरायचं ठिकाण माहीत नसल्यासारखं धरलेलं.
"नाव काय गे तुझं?"
"दुर्पता," म्हणाली. "दुर्पता वेळीप."

महिन्याभरात सुखठणकर बाई वही घेऊन आल्या.
हिला अपूर्णांक तीनदा शिकवलेत, तीन शाळांत.
टक्केवारी एकदाही नाही.
दर ठिकाणी पहिल्या धड्याला हजर
आणि शेवटच्या धड्याआधी जीपमध्ये.
"डोक्याला काही झालेलं नाही हो,
मधली पानंच गेलीत."
तेव्हापासून शनिवारी शाळा सुटल्यावर
स्टाफरूमच्या कोपऱ्यात मधली पानं.
गुणो शिपाई चहा तीन आणतो.
तिसऱ्या कपाचे पैसे कुणी कुणाला विचारले नाहीत.

नोव्हेंबरात बोर्डाचा फॉर्म.
नावाचं प्रतिज्ञापत्र झालं. राहिली जन्मतारीख.
एका दाखल्यावर तेरा मार्च, दुसऱ्यावर तेरा मे,
तिसऱ्यावर रकाना कोरा.
परीक्षा एप्रिलची.
मार्च धरला तर परीक्षेआधीच अठरा पूर्ण,
आणि अठरा पूर्ण म्हणजे
खाट दुसऱ्या कुणाच्या नावावर.
मे धरला तर सगळे पेपर त्याच खाटेवरून.
दोन्ही कागदांवर गोल शिक्के.
तीनाचा पाच करावा लागणार नव्हता,
पाच आयता होता.

ती समोर बसलेली, यातलं काही ठाऊक नसलेली.
सहज विचारावं तसं विचारलं, "कधीची गे तू?"
पाच महिन्यांत पहिल्यांदा ती हसली.
"आवय सांगताली,
शिगम्याचे ढोल वाजताले,
तुजें रडप कोणाकच आयकूंक आयलें ना."

शिगमो म्हणजे मार्च.

पेन खाली ठेवलं. पुन्हा उचललं.
आईकडून तिच्यापाशी राहिलेलं एवढंच,
ढोलांचा आवाज,
तो मी दोन महिने पुढे ढकलणार होतो
तिच्या भल्यासाठी.
तेरा मार्च लिहिलं.

मग कोरा कागद घेतला.
विषय : दहावीची परीक्षा संपेपर्यंत खाट न काढण्याबाबत.
बाई म्हणाल्या, 'वास्तव्य' लिहा, 'खाट' बरं दिसत नाही.
मी खाटच ठेवली.
पणजीहून विचारणा आली, कोणत्या नियमाखाली?
नियम शोधला, पाठवला.
दुसरी विचारणा, अर्जदाराचं मुलीशी नातं?
त्या रकान्यासमोर जेवणाची सुट्टी गेली.
शेवटी 'क्लार्क' असं लिहिलं
आणि खाली नेहमीपेक्षा मोठी सही केली.

आज बारा मार्च.
पलीकडच्या वाड्यावर ढोलांचा सराव चाललाय.
उत्तर आलेलं नाही.
पाच वाजून गेले तरी आवक रजिस्टर मिटलेलं नाही मी,
दुपारचं टपाल कधीकधी संध्याकाळीही येतं.
ती बाकावर सरळव्याज सोडवतेय, ओठ हलवत.
मध्येच मान वर करते,
"सर, मुद्दल म्हणजे जें पयलींच आसता तें?"
"होय," मी म्हणतो,
"जें पयलींच आसता तें."